घरी सराव कमी पडतो

२०१८ मध्ये निवृत्त होताना शाळेतले माझे कपाट रिकामे केले, तेव्हा तळाशी एक वही सापडली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, वर माझ्याच अक्षरात 'पालक वही' असे लिहिलेली. कर्णबधिर मुलांच्या शाळेत ही वही रोज दप्तरातून घरी जाते आणि सकाळी परत येते. वर्गात आज कोणते शब्द घेतले, घरी काय करून घ्यायचे, हे शिक्षिका लिहिते; काय जमले आणि काय नाही, हे आई लिहिते. बत्तीस वर्षांत अशा किती वह्या माझ्या हातांखालून गेल्या याचा हिशेब नाही. त्यांत वडिलांचे अक्षर क्वचित दिसे, तेही बहुधा रजेच्या अर्जाखाली.

या वहीत जानेवारी २०१६ च्या एका पानावर माझा शेरा होता : 'घरी सराव कमी पडतो. आईने लक्ष द्यावे.' खाली आईने लिहिले होते, 'हो बाई. ठेवते लक्ष.' चार पाने पुढे माझा दुसरा शेरा : 'घरी खुणा करू नयेत.' त्याखाली नुसती सही.

तो मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. जन्मापासून दोन्ही कानांनी बहिरा. वर्षाच्या आत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी नजर अधूच राहिली. हृदयातही दोष होता. चालायला लागला अडीच वर्षांनी. चौथ्या वर्षी त्याला कॉक्लिअर इम्प्लान्ट बसवले. आई आठवड्यातून तीन दिवस त्याला कडेवर घेऊन चाळीस किलोमीटर एस.टी.ने वाचाउपचाराला नेई आणि उरलेले दिवस आमच्या शाळेत आणी. घरी सासू, धाकटी मुलगी, दोन म्हशी. नवरा पुण्याजवळ कंपनीत कामाला, पंधरा दिवसांनी घरी येणारा.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही मी तो शेरा लिहिला आणि लिहिताना माझा हात अडखळला नाही. मी काही कठोर बाई म्हणून प्रसिद्ध नव्हते. मग ते वाक्य इतके सहज कुठून आले? मला ते प्रशिक्षणात मिळाले होते. मला शिकवणाऱ्यांना त्यांच्या पुस्तकांतून. निवृत्तीनंतरच्या वर्षांत मी त्या वाक्याचा माग काढत गेले. हा लेख म्हणजे तो माग आहे.

वसतिगृहाच्या दारापर्यंतची आई

कर्णबधिरांच्या शिक्षणाचा लिखित इतिहास वाचू लागले की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की त्यात बराच काळ आई नाहीच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने खुणांच्या साहाय्याने शिकवायला सुरुवात केली. पुढे युरोप-अमेरिकेत निवासी शाळा निघाल्या. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेत खुणांची भाषा बाजूला सारून तोंडी भाषेनेच शिकवावे असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्याच दशकात मुंबईत आपल्याकडची पहिली कर्णबधिर शाळा सुरू झाली आणि १८९३ मध्ये कोलकात्यात दुसरी मोठी शाळा. मिलानचे वारे आपल्या वर्गांतही पोचले आणि फार काळ राहिले.

या साऱ्या कालखंडात आईचे काम एवढेच होते, की मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याला शाळेच्या दारापर्यंत आणायचे आणि मागे वळायचे. ताटातुटीचे दुःख तिचे होते, पण मूल बोलले नाही तर दोष शाळेचा किंवा दैवाचा. तिच्या नावावर तो अजून मांडला गेला नव्हता.

विसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. श्रवणयंत्रे आली, आणि भाषा शिकण्याची खरी वर्षे शाळेच्या आधीची असतात हे कळू लागले. मँचेस्टर विद्यापीठात १९१९ मध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांसाठी विभाग सुरू झाला. तिथे आयरीन युइंग आणि त्यांचे पती अलेक्झांडर यांनी अगदी लहान मुलांच्या पालकांना मार्गदर्शन करायला सुरुवात केली. शाळेआधीची वर्षे महत्त्वाची ठरली, आणि त्या वर्षांत मुलाजवळ असणारी व्यक्ती एकच होती.

बाराजणी आणि एक बंगला

माझ्या शेऱ्याची खरी आजी मला सापडली लॉस एंजेलिसमध्ये. लुईस ट्रेडवेल ही रंगभूमीवरची अभिनेत्री. तिचा नवरा स्पेन्सर ट्रेसी, पुढे हॉलिवूडचा फार मोठा नट. १९२४ मध्ये त्यांना जॉन झाला. तो दहा महिन्यांचा असताना त्याच्या झोपण्याच्या जागेजवळचे दार तिच्या हातून जोरात आपटले आणि मूल हललेही नाही. तिने हाक मारली, पुन्हा मारली. माझ्या शाळेत आलेल्या निम्म्या आयांनी मला हीच गोष्ट सांगितली आहे. फक्त कुठे दाराऐवजी कुकरची शिट्टी होती, कुठे दिवाळीतला फटाका.

डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. लुईसने रंगभूमी सोडली आणि जॉनला स्वतः शिकवले. तो ओठ वाचायला शिकला, बोलायला शिकला. १९४२ मध्ये तिने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारातल्या एका लहानशा बंगल्यात बारा आयांना गोळा केले आणि जॉन ट्रेसी क्लिनिक सुरू झाले. पुढच्या वर्षी टपालाने धडे जाऊ लागले, तेही मोफत. जगातल्या कुठल्याही गावातल्या आईने पत्र लिहावे आणि धडे मागवावेत. पुढे हे धडे अनेक भाषांत आणि शंभराहून अधिक देशांत पोचले.

या कामाचे मोल मी कमी लेखणार नाही. 'तुम्हाला काही करता येणार नाही' असे ऐकून आलेल्या बाईला 'तुम्हाला करता येईल' असे सांगणारे ते पहिले ठिकाण होते. त्या बंगल्यात आया एकमेकींना भेटत, हेही काही थोडे नव्हते. पण 'तुम्हाला करता येईल' या वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य हळूच वाढू लागते : 'झाले नाही, तर तुम्ही केले नाही.' आंघोळ घालताना बोला, भाजी निवडताना बोला, चेहरा उजेडात ठेवा, शब्द वाक्यात घालून द्या. सगळा दिवस हाच वर्ग आणि आई हीच शिक्षिका. या शिक्षिकेला मात्र मधली सुट्टी नव्हती.

लुईसच्या कथेतला एक भाग आमच्या प्रशिक्षणात कुणी सांगितला नव्हता. जॉनला लहानपणी पोलिओही झाला. त्याचा बहिरेपणा अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा होता, ज्यात पुढे दृष्टीही जात राहते. तो चित्रे काढी, डिस्ने स्टुडिओत काम करी. नजर गेली तसे ते काम सुटले. म्हणजे ज्या मुलाच्या यशावर ही सगळी परंपरा उभी राहिली, तोच बहुविकलांग होता. आम्हाला मात्र त्याची गोष्ट 'कष्टाळू आई आणि बोलणारे मूल' एवढीच मिळाली.

प्रतीक्षाकक्षातले बोलणे

१९४१ मध्ये सिडनीतील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळे एकामागून एक येऊ लागली. इतकी, की हा योगायोग असणे शक्य नव्हते. असे सांगतात, की प्रतीक्षाकक्षात बसलेल्या दोन आया आपापसांत बोलत होत्या आणि दोघींनाही गर्भारपणात जर्मन गोवर, म्हणजे रुबेला होऊन गेल्याचे त्यांच्या बोलण्यातून निघाले. ते बोलणे ग्रेग यांच्या कानावर पडले. त्यांनी इतर आयांना विचारले. त्यांच्या निबंधात ७८ बाळांची नोंद आहे. बातमी छापून आल्यावर कर्णबधिर मुलांच्या आयाही कळवू लागल्या, की आम्हालाही तेच झाले होते. गर्भारपणातला संसर्ग बाळाचे डोळे, कान आणि हृदय बिघडवू शकतो, हा वैद्यकातला मोठा शोध असा आयांच्या गप्पांतून निघाला. शोधावर नाव डॉक्टरांचे आहे. त्या दोघींची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. सुमारे २०,००० बाळे जन्मजात रुबेलाची लक्षणे घेऊन जन्मली. त्यांतली ११,००० हून अधिक बहिरी होती, अनेकांना दिसतही नव्हते. १९६९ मध्ये तिथे लस आली. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीकरणाची देशव्यापी मोहीम २०१७ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आली. त्या मोहिमेत शाळेच्या व्हरांड्यात मुलांच्या रांगा लागल्याचे वाचकांना आठवत असेल. मी निवृत्त झाले त्याच वर्षीची ही गोष्ट.

निळ्या वहीतल्या आईला तिसऱ्या महिन्यात अंगावर पुरळ आले होते. तीन दिवसांत गेले. बहिणीच्या लग्नात कुणा मुलाला 'गोवर' होता, तिथून आले असावे. डॉक्टरांनी नंतर नुसते कारण सांगितले. पण ते तिने दोष म्हणून घेतले. 'मी लग्नाला गेले नसते तर,' असे ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती. सासू ते वाक्य जरा वेगळ्या शब्दांत रोज म्हणत असे. लस अमेरिकेत येऊन चाळीस वर्षे झाली होती आणि इथे एक बाई लग्नाला गेल्याचा पश्चात्ताप करत होती.

यंत्र आणि त्याचा न दिसणारा भाग

१९५७ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणमज्जेला विजेने चेतना देऊन त्याला आवाजाची जाणीव करून दिली. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हाउस यांनी आणि १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी पुढची पावले टाकली. क्लार्क यांचे वडील स्वतः कमी ऐकणारे होते. १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन वर्षांपुढील मुलांसाठी बहुवाहिनी इम्प्लान्टला मान्यता दिली. पहिल्या काळात इतर अपंगत्व असलेल्या मुलांना बहुधा यासाठी अपात्र धरत, कारण यश मोजायचे ते बोललेल्या शब्दांत. अमेरिकेतील बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये मुलांवरील या शस्त्रक्रियेला विरोध केला. २००० मध्ये ती भूमिका बरीच मवाळ झाली.

भारतात हे उपचार आधी पैसेवाल्यांपुरते होते. २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेत बदल होऊन प्रत्येक मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंतच्या मदतीने इम्प्लान्ट देण्याची सोय झाली, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या शाळेत कानामागे प्रोसेसर लावलेली मुले दिसू लागली.

इम्प्लान्टविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की शस्त्रक्रिया झाली म्हणजे ऐकू येऊ लागले. कानाच्या आतल्या शंखाकृती पोकळीत तारेसारखी विद्युतरचना सरकवतात. बाहेर कानामागे प्रोसेसर आणि डोक्यावर लोहचुंबकाने चिकटणारी कॉईल. काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, तेव्हा मुलाला ऐकू येते ते बोलणे नसते, अनोळखी विद्युत्‌संदेश असतात. पुष्कळ मुले त्या दिवशी दचकून रडतात. त्या संदेशांना अर्थ द्यायला मेंदूला महिने, वर्षे लागतात. वरचेवर 'मॅपिंग' करून यंत्र जुळवून घ्यावे लागते. बॅटऱ्या, तुटणारी वायर, पावसाळ्यातली दमट हवा, रात्री प्रोसेसर कोरडा ठेवायची डबी, खेळताना गवतात पडलेली कॉईल. हमीची मुदत संपली की सुटे भाग घरच्यांनी घ्यायचे.

आणि सराव. मुलाशेजारी बसून, त्याने ओठ वाचू नयेत म्हणून हाताने तोंड झाकून, एकच शब्द वीस वेळा वीस वाक्यांत. योजनेत यंत्राची किंमत आहे, शस्त्रक्रियेची आहे, उपचारांच्या बैठकींची आहे. या सरावाची नाही. यंत्राचा एक भाग कवटीत असतो, एक कानामागे असतो आणि तिसरा भाग म्हणजे आई. तिच्यासाठी हमीची मुदत नाही आणि सुटे भागही मिळत नाहीत.

आईला कुणी विचारले?

मी शोधत होते ते आईवरचे संशोधन. मुलांच्या शब्दसंख्येवर, उच्चारांवर, डेसिबलवर कपाटे भरतील इतके सापडले. आयांवरचे उशिरा सुरू झाले. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये सुसान ग्रेगरी यांचे पुस्तक आले. शंभराहून अधिक आयांच्या घरी जाऊन, त्यांनी सांगितलेले ऐकून ते लिहिले होते. तज्ज्ञांच्या सूचना आणि घरातला खरा दिवस यांतले अंतर त्यात आयांच्या तोंडून दिसते.

२००२ मध्ये कोलोरॅडोतील संशोधकांनी कर्णबधिर लहान मुलांच्या १८४ आयांच्या ताणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून निघालेली गोष्ट मला माझ्या वहीपाशी परत घेऊन आली. कर्णबधिर मुलाची आई आहे एवढ्यावरून तिचा ताण इतर आयांपेक्षा फार जास्त असतो, असे दिसले नाही. तो वाढतो तो रोजच्या कटकटींनी, मदत करणाऱ्या माणसांच्या अभावाने, तुटपुंज्या मिळकतीने, आणि मुलाला आणखी एखादे अपंगत्व असेल तर त्याने. म्हणजे कानाची चाचणी करून आईची अवस्था कळत नाही. तिला बस किती वाजता मिळते, धाकटीला कोण सांभाळते, हे विचारावे लागते. आणि जास्तीचे अपंगत्व ही काही विरळा गोष्ट नाही. अमेरिकेतील गॅलॉडेट विद्यापीठाच्या पाहण्यांत सुमारे ४० टक्के कर्णबधिर विद्यार्थ्यांत ते आढळले. आमची पुस्तके मात्र उरलेल्या ६० टक्क्यांसाठी लिहिलेली होती आणि शेरे सगळ्यांना सारखेच.

अलीकडची दोन पुस्तके उल्लेखनीय आहेत. लॉरा मॉल्डिन यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील इम्प्लान्ट घेतलेल्या मुलांच्या आयांवर लिहिले. मिशेल फ्रीडनर या स्वतः इम्प्लान्ट वापरणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ. २०२२ मधले त्यांचे पुस्तक तर भारतातल्या इम्प्लान्ट योजनांवरच आहे. उपचारकेंद्रांत मुलाशेजारी बसलेल्या, त्यासाठी गाव सोडून शहरात आलेल्या आया, आणि जुने झालेले यंत्र चालू ठेवताना होणारी घरांची ओढाताण त्यात आहे. ते वाचताना मला टेबलाच्या त्या बाजूने स्वतःकडे बघता आले. यश आले की आम्ही यंत्राचे छायाचित्र वर्तमानपत्रात देत होतो. ते आले नाही की वहीत शेरा लिहीत होतो.

दुसऱ्या शेऱ्याविषयीही लिहायला हवे. 'खुणा करू नयेत.' त्या मायलेकरांनी आपली एक लहानशी भाषा बनवली होती. दोन्ही तळवे एकमेकांवर थापटले की भाकरी. कंडक्टर दोरी ओढतो तसा हात ओढला की एस.टी., म्हणजेच 'आपण कुठे जायचे आहे?' मुलाची नजर अधू, म्हणून ती या खुणा त्याच्या चेहऱ्याजवळ किंवा त्याच्या हातात हात घेऊन करी. आमचे मत होते, की खुणा केल्या की मूल ऐकण्याचा आळस करते. हेच मत मिलानमध्ये १८८० साली मांडले गेले होते. ज्या मुलाला बोललेला शब्द कदाचित कधीच पुरेसा मिळणार नव्हता, त्याच्या आईकडून मी तिला मिळालेला एकमेव संवाद काढून घ्यायला सांगत होते. तिने माझ्याशी वाद घातला नाही. नुसती सही केली.

रविवार

गेल्या मे महिन्यात मी तिच्या गावी गेले. मुलगा आता चौदा वर्षांचा आहे, आईपेक्षा उंच. तो काही शब्द बोलतो, आई आणि आजी ओळखू येतील असे. हाका, भांड्यांचे आवाज, म्हशीचे ओरडणे त्याला कळते. प्रोसेसर दोनदा बंद पडला. एकदा गावातल्या गणपती मंडळाने वर्गणी काढून दुरुस्त करून दिला. म्हशींना पाणी दाखवणे हे त्याचे काम, आणि ते तो चोख करतो. मायलेकरे खुणांनी बोलत होती. मी समोर असूनही ती थांबली नाहीत, याचे मला बरे वाटले.

मी वही बरोबर नेली होती. शेरे दाखवून म्हटले, 'हे मी लिहायला नको होते.' ती हसली. म्हणाली, 'तुम्ही आपलं काम करत होता, बाई.' मग जरा वेळाने म्हणाली, 'पण मला रविवार फार आवडायचा. रविवारी वही नसायची.'

तेव्हा नेमके काय हवे होते, असे मी विचारले. मला वाटले होते, पैसे म्हणेल, जवळचे उपचारकेंद्र म्हणेल. ती म्हणाली, 'कुणीतरी दोन तास त्याला बघायला हवं होतं. मला झोपायचं असायचं.' बाहेरगावच्या आयांना आठवड्यातून दोन तास विसावा देण्यासाठी आमच्या शाळेत एक रिकामी खोली होती. तिथे जुनी बाके रचून ठेवलेली असत. असे काही करता येईल हे बत्तीस वर्षांत आम्हा कुणाच्या मनात आले नाही. माझ्यानंतर आलेल्या बाईंना मी हे सांगितले. आता त्या खोलीत दोन सतरंज्या आणि एक पंखा आहे. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी एक मदतनीस मुलांना सांभाळते आणि आया तिथे पडतात. काहीजणी नुसत्या गप्पा मारतात.

निघताना वही मी तिच्यासमोर ठेवली. तिने ती घेतली नाही. मुलाने मात्र उचलली, डोळ्यांशी धरून दोन-चार पाने चाळली आणि मिटवून माझ्या पिशवीत घातली. मग माझ्याकडे बघून त्याने दोरी ओढल्याची खूण केली. साडेपाचची एस.टी. यायची वेळ झाली होती.